‘अंगिका’ आणि दुष्काळ

१९५२ मध्ये मद्रासला रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी चंद्रलेखा नृत्यातून यमुनेची जलक्रीडा साकारत होत्या. एकाएकी भेगाळलेली भूमी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्या थिजल्या. वाडा येथे जन्मलेल्या या नर्तिकेची १९८५ ची ‘अंगिका’ आम्हांस त्या अस्वस्थतेचेच परिणत रूप वाटते. पुराणकथेला गौण स्थान देऊन भरतनाट्यम्, योग व कळरीपयट्टू यांच्या मेळातून त्यांनी मानवी देहाचे बळ रंगमंचावर आणले. मात्र कथेचा धागा क्षीण झाल्याने सोसणाऱ्या माणसाचा चेहरा हरवतो, ही उणीव आम्हांस जाणवते. तरीही छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्याउन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आम्हां मराठवाडेकरांना त्यांचा मूळ प्रश्न आपलाच वाटतो : शेजारी तहानलेला असताना कलेने कोणते पाणी दाखवावे?