‘माफिया थ्री’ : वातावरण आणि घाट

हँगर १३ या संस्थेने निर्मिलेला आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रकाशित झालेला ‘माफिया थ्री’ हा व्हिडिओ गेम वातावरणनिर्मितीच्या दृष्टीने असामान्य आहे, हे त्याच्या कठोर टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. १९६८ सालचे न्यू बोर्डो हे न्यू ऑर्लिन्सवरून बेतलेले कल्पित नगर, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला कृष्णवर्णीय नायक लिंकन क्ले, त्याच्या आप्तांची हत्या करविणारा साल मार्कानो, आणि सूड. कथानक जुन्याच वळणाचे; नगर मात्र जिवंत आहे. गोऱ्यांसाठी राखलेल्या दुकानात लिंकन रेंगाळला की पोलिसांना बोलावणे जाते. फ्रिस्को फील्ड्स या श्रीमंत वस्तीत पोलीस तत्परतेने धावून येतात, डेलरे हॉलो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सावकाश. वर्णद्वेष हा असा नियमांच्या रूपाने खेळणाऱ्याच्या अनुभवास यावा, ही या माध्यमाचीच शक्ती होय. कादंबरीला ती इतक्या सहजतेने साधत नाही.

मग कृती उणी कोठे पडते? प्रत्येक वस्तीत मार्कानोचे काळे धंदे. खबऱ्याला गाठावयाचे, माल नासावयाचा, माणसे मारावयाची; डॉलरांत मांडलेला नुकसानीचा आकडा पुरा झाला की धंद्याचा म्होरक्या प्रकट होतो. त्याला ठार करावयाचे किंवा आपल्या पदरी बांधावयाचे. मग वस्तीचा मुख्य, मग दुसरी वस्ती, आणि पुन्हा तेच. रिची डुसेटचा ओसाड करमणूक-उद्यानातील पाठलाग स्मरणात राहतो. त्याच्यापर्यंत पोहोचविणारी वाट स्मरणात राहत नाही.

पुनरावृत्ती हा स्वतः दोष नव्हे. उल्हासनगर-अंबरनाथच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय भूमिज शैलीचे आहे. या शैलीच्या शिखरावर एकच लहान शिखराकृती ओळीओळींनी पुन्हापुन्हा येते. पण प्रत्येक वरची ओळ आकाराने लहान होत जाते आणि त्या घटण्यातूनच उंचीचा प्रत्यय येतो. अंबरनाथचे शिखर आज पूर्ण नाही, तरी उरलेल्या भागावरून ही योजना ओळखता येते. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे संवादाला विरोधाची जोड आहे, म्हणून समतोल साधतो. ‘माफिया थ्री’त संवाद आहे, विरोध नाही.

सूड हीच मुळी एकसुरी गोष्ट, तेव्हा कृतीचा एकसुरीपणा आशयाला धरूनच आहे, असे समर्थन करता येईल. ते टिकत नाही. एकसुरीपणाचे चित्रण आणि चित्रणाचा एकसुरीपणा या भिन्न गोष्टी होत. फ्रिस्को फील्ड्समध्ये लिंकनची गाठ सदर्न युनियन या वर्णद्वेष्ट्या संघटनेशी पडते. येथे तरी कृतीचे रूप पालटावयास हवे होते. पण आकडा भरण्याचे गणित तेच. रस्त्याला लिंकनचा वर्ण ठाऊक आहे, त्याच्या हातच्या कामाला तो ठाऊक नाही. परिणामी ज्या अन्यायावर हे नगर उभे केले, तो हळूहळू नुसता पडदा होऊन राहतो.

निर्मात्यांना विरोधाचे मर्म कळत नव्हते असे मात्र नव्हे. जिंकलेल्या वस्त्या कॅसँड्रा, बर्क आणि व्हिटो या तीन साथीदारांत वाटण्याचे प्रसंगही वारंवारच येतात. तेथे प्रत्येक नवे वाटप मागच्या वाटपाचा अर्थ बदलते, आणि सतत डावलला गेलेला साथीदार अखेर उलटतो. दुर्दैवाने अशा दोन बैठकींच्या मध्ये कित्येक तासांची गोदामे पसरलेली आहेत.