चतुरंग आणि वीवध : एका युद्धखेळाचें परीक्षण

या त्रैमासिकांत परीक्षणासाठीं ग्रंथ येतात, बखरी येतात, क्वचित् नाण्यांच्या याद्या येतात. संगणकावरील खेळाचें परीक्षण पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचा नातू व त्याचे सोबती अठराव्या शतकांतील मराठ्यांविषयीं जें बोलतात, त्यांतील बरेंचसें पाठ्यपुस्तकांतून आलेलें नसून ‘एम्पायर : टोटल वॉर’ नांवाच्या खेळांतून आलेलें आहे, असें आमच्या ध्यानांत आलें. ज्या साधनानें इतिहास शिकला जातो तें तपासणें हें संशोधकाचें कामच आहे. म्हणून आम्हीं नातवाच्या साह्यानें हा खेळ कांहीं आठवडे पाहिला, आणि मगच लेखणी हातीं घेतली.

हा खेळ इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें रचिला व सेगा कंपनीनें २००९ सालीं प्रसिद्ध केला. काल अठरावें शतक. पट युरोप, अमेरिका व हिंदुस्थान यांचा. खेळणारानें एक सत्ता घ्यावी, नकाशावर फौजा हलवाव्या, कर बसवावे. दोन फौजा भिडल्या म्हणजे रणांगणावर स्वतः सेनापति व्हावें. वर्षाच्या फेऱ्या दोन. इंग्रज, फ्रेंच, प्रशियन यांच्या पंक्तीस मराठे व मोगलही बसविले आहेत. गुण आधीं सांगणें न्याय्य होय. बंदुकीची एक फैर झडल्यावर ती पुनः ठासण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यांत घोडदळ अंगावर येतें, ही गोष्ट आम्हीं वर्गांत तीस वर्षें तोंडानें सांगितली. मुलांना ती येथें डोळ्यांनीं दिसते.

पहिला दोष कालाचा. १७०० सालीं खेळ सुरू होतांच पटावर ‘मराठा कॉन्फेडरसी’ सुस्थिर उभी असते. वस्तुतः त्या वर्षींच्या मार्चांत राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, एप्रिलांत सातारा औरंगजेबाच्या हातीं गेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेंत होते, आणि राज्य ताराबाईंच्या धैर्यावर तगून होतें. सरदारांचें मंडळ उभें राहिलें तें बाळाजी विश्वनाथांस १७१३ सालीं पेशवाई मिळाल्यानंतर. पण ही चूक नांवाची आहे. ती दुरुस्त करतां येईल.

दुसरा दोष मुळांतला आहे. आपल्याकडे सेना चतुरंग सांगितली आहे : हत्ती, घोडा, रथ व पदाति. त्यावरून चतुरंगाचा खेळ निघाला व देशोदेशीं गेला. परंतु कौटिल्य अंगें सांगून थांबत नाहीं. वीवध, आसार व प्रसार यांची गोष्ट तो वारंवार काढतो. वीवध म्हणजे मागून येणारी धान्यादि रसद, आसार म्हणजे मित्राची कुमक, प्रसार म्हणजे आसपास हिंडून आणिलेलें गवत व लांकूड. शत्रूचीं हीं साधनें तोडावीं, हा त्याचा उपदेश. चतुरंगाच्या पटावर अंगें आलीं, वीवध आला नाहीं. पुढें यंत्र आलें, चित्रें हलूं लागलीं, तरी तो बाहेरच राहिला. या खेळांत फौजेचा खर्च पैशांत मोजला जातो. वेढलेला किल्ला ठराविक फेऱ्यांनीं शरण येतो हें खरें. पण उघड्या रानांतील फौज उपाशी पडत नाहीं.

याची कसोटी पालखेड. १७२७ सालीं निजामाशीं युद्ध जुंपलें. बाजीरावांनीं बऱ्हाणपुराकडे हूल देऊन गुजराथ गांठली. निजाम पुण्यावर आला. बाजीराव गोदावरीकडील मुलखावर वळतांच त्यास माघारीं धांवावें लागलें. जड तोफा मागें राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळील पालखेड येथें त्याची फौज अन्नपाण्यावांचून कोंडली गेली. मार्चांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. मोठें रण पडलेंच नाहीं.

आम्हीं नातवास म्हटलें, “पालखेड करून दाखीव.” मोगलांची एक फौज निजामाची मानून त्यानें यत्न केला. परंतु सहा महिन्यांची एक फेरी. अवघी मोहीम एका-दोन चालींत आटोपते, आणि घेरलेली फौज पुढच्या फेरींत जशीच्या तशी ताजी. शेवटीं त्यानें तोफा आणून तिला रणांत मोडिलें व म्हणाला, “आजोबा, जिंकलों!” जिंकला खरा, पण जी लढाई त्यानें जिंकली ती बाजीरावांनीं टाळिली होती.

खेळ म्हटला कीं कांहीं गाळावेंच लागतें, असें कोणी म्हणेल. तें मान्य आहे. प्रश्न काय गाळिलें हा आहे. पानिपतावर १७६० च्या नोव्हेंबरापासून भाऊसाहेबांची छावणी कोंडली होती. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले पडले व रसदेची उरलीसुरली आशा गेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज बाहेर पडली. ही उपासमार वगळून त्या दिवसाचें चित्र काढलें, तर दोष केवळ सेनापतीच्या बुद्धीवर येतो. मुलें तो तसाच देतात.

आतां एक बोट आपल्याकडेही वळवावें लागतें. आपण संग्राहक काय जपतों? मोर्तबाचीं पत्रें, सनदा, नामांकितांचीं हस्ताक्षरें. दाणा, वैरण, बैलांचें भाडें यांचे मोडी हिशेब रद्दीच्या भावानें जाऊं देतों. आम्हीं स्वतः एका जुन्या वाड्यांतील रुमालांतून दोन सनदा उचलिल्या आणि घोड्यांच्या चंदीचे ताव किरकोळ म्हणून तेथेंच ठेविले. पुढें वाडा पडला; ताव गेले. परवां नातवानें विचारिलें, “एका घोड्यास रोज चंदी किती लागे?” तो तें गणित आपल्या खेळांत बसवून पाहणार होता. आमच्यापाशीं त्या तावांतला आंकडा नव्हता.

खेळ रचणारांनीं वीवध गाळिला, ही त्यांची चूक. ज्या कागदांत तो लिहिलेला आहे ते आपण टाकून दिले, तर ती चूक सुधारण्यास कोणापाशीं साधनच उरणार नाहीं. ज्या सभासदांच्या संग्रहीं दाण्यागोट्याचे हिशेब असतील, त्यांनीं ते किरकोळ न मानतां त्यांची यादी मंडळाकडे धाडावी, एवढीच आमची विनंती आहे.