गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

संगणकाच्या अनेक पुस्तकांत एक ठरावीक तक्ता असतो. डावीकडे डेटाबेसच्या रकान्यांचे प्रकार आणि उजवीकडे प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील प्रकार. ‘इंटिजर’समोर ‘इंट’, ‘न्यूमेरिक’समोर ‘बिगडेसिमल’, ‘व्हारचार’समोर ‘स्ट्रिंग’. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात.

जावा ही भाषा जेडीबीसी नावाच्या दुव्यामार्फत डेटाबेसशी बोलते. हा दुवा १९९७ साली जावाच्या १.१ या आवृत्तीबरोबर आला. त्याच्या मार्गदर्शिकेतही असाच तक्ता आहे. तो उपयुक्त आहे, हे आधीच मान्य करू. उदाहरणार्थ, डेटाबेसमधील ‘फ्लोट’समोर त्यात जावाचा ‘फ्लोट’ नसून ‘डबल’ आहे. नावे सारखी असली तरी आकार वेगळे असू शकतात, हा इशारा मोलाचा आहे. आमची तक्रार निराळी आहे. शेजारीशेजारी लिहिलेल्या दोन नावांमध्ये विद्यार्थी मनातल्या मनात ‘बरोबर’चे चिन्ह घालतो आणि तक्ता त्याला अडवत नाही.

प्रकार म्हणजे चालणाऱ्या मूल्यांचा संच आणि त्या मूल्यांवर करता येणाऱ्या क्रिया. दोन संच समान केव्हा, तर एकातील प्रत्येक घटक दुसऱ्यात असेल आणि दुसऱ्यातील पहिल्यात, तेव्हा. ही शाळेतली व्याख्या तक्त्याला लावून पाहू.

पहिली ओळ इंटिजर आणि इंट यांची. मार्गदर्शिकेनुसार दोन्ही ३२ बिटांचे. दोहोंत −२,१४,७४,८३,६४८ ते २,१४,७४,८३,६४७ एवढे पूर्णांक मावतात. मग फरक कुठे? डेटाबेसच्या रकान्यात आणखी एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे ‘नल’, अर्थात मूल्यच नसणे. जावाच्या इंटमध्ये ३२ बिटांची प्रत्येक मांडणी कोणत्या ना कोणत्या संख्येसाठी वापरली गेली आहे. ‘काहीच नाही’ यासाठी एकही मांडणी उरत नाही.

याचा परिणाम गुणपत्रिकेवर पाहा. तीन मुलांपैकी एकाला ६० गुण, दुसऱ्याला ८०, तिसरा आजारी असल्याने गैरहजर. त्याचा रकाना नल आहे. डेटाबेसला सरासरी विचारली, तर तो नल वगळून ७० सांगतो. तेच गुण जेडीबीसीच्या ‘गेटइंट’ या आज्ञेने वाचले, की नलच्या जागी ० हाती येतो आणि प्रोग्रॅममध्ये सरासरी भरते ४६.६७. वर्ग एक, परीक्षा एक, सरासऱ्या मात्र दोन! शिवाय आजारी मुलाच्या नावापुढे शून्य लागले ते वेगळेच.

‘आत्ता वाचले ते नल होते का?’ असे विचारण्यासाठी ‘वॉजनल’ ही वेगळी आज्ञा आहे, आणि मार्गदर्शिकेत ती स्पष्ट सांगितलेली आहे. म्हणून याला लपवाछपवी म्हणता येणार नाही. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर उभा असलेला हा उपाय आम्हांला कच्चा वाटतो. विसरले तरी प्रोग्रॅम थांबत नाही. चुकीचे उत्तर बिनबोभाट देतो.

दुसरी ओळ व्हारचार आणि स्ट्रिंग यांची. ‘क्षितिज’ हे नाव घ्या. आपल्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, इकार, त, इकार, ज. जावाची स्ट्रिंग लांबी ७ सांगते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. ओरॅकल या डेटाबेसमध्ये २० लांबीचा रकाना केला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते २० बाइट धरले जातात. तेव्हा यूटीएफ-८ वापरणाऱ्या अशा डेटाबेसमध्ये हे तीन अक्षरी नाव नाकारले जाते. रोमन लिपीत तेच नाव ७ बाइटांत सुखाने बसते. रोमन नावांवरच उदाहरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण दिसणारच कशी?

आमची सूचना साधी आहे. तक्त्याला तिसरा रकाना जोडावा: ‘इकडून तिकडे जाताना काय हरवते?’ वर्गाचे हजेरीपुस्तक घेऊन तो मुलांकडूनच भरून घ्यावा. हा रकाना रिकामा राहू शकतो का? यातील सर्वांत मोठे मूल्य कोणते? यांची बेरीज कधी करायची असते का? मोबाइलचा ९८ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक इंटमध्ये मावत नाही आणि मुंबईच्या ०२२मधले आधीचे शून्य संख्येत टिकत नाही, हे मुले स्वतःच शोधून काढतील.

गैरहजर मुलापुढे कोणताही शिक्षक शून्य लिहीत नाही. शिक्षकाला जे सहज कळते, ते प्रोग्रॅमला मुद्दाम सांगावे लागते, एवढे या एका तक्त्यातून विद्यार्थ्यांना शिकवता आले तरी पुष्कळ झाले.