सटवाईचा लेख आणि खुन्याचा हात

जपानी चित्रकथेवर आधारलेली गद्य कादंबरी हा बौद्ध अध्ययनाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मतांचे खंडन तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केले, तीच मते नव्या वेषात तरुण वाचकांसमोर येत असतील, तर त्यांची चिकित्सा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्सुगुमी ओबा यांचे लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे असलेली ‘डेथ नोट’ ही चित्रकथामालिका 2003 ते 2006 या काळात जपानी साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. शिनिगामी म्हणजे मृत्युदेव. त्याच्या वहीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो, ही तिची मूळ कल्पना. या मालिकेच्या आधारे निसिओ इसिन यांनी 2006 मध्ये ‘अनदर नोट’ ही कादंबरी लिहिली. मालिकेतील घटनांच्या पूर्वीचे, 2002 मधील लॉस एंजेलिस शहरातील खूनसत्र हा तिचा विषय आहे.

या कादंबरीतील खुनी बियाँड बर्थडे याला जन्मतःच मृत्युदेवाचे डोळे लाभले आहेत. समोरच्या माणसाचे नाव आणि त्याची आयुर्मर्यादा त्याला दिसते. एल या विख्यात गुप्तहेरालाही सुटणार नाही असे कोडे रचावे, या ईर्ष्येने तो तीन खून करतो. तपास करणारी नाओमी मिसोरा हिच्याबरोबर तो खोट्या नावाने वावरतो आणि अखेरीस स्वतःला जाळून चौथा बळी होऊ पाहतो.

या कृतीचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. चित्रकथेत वहीने मरण येते. येथे माणूस माणसाला मारतो. खुनाच्या जागी भिंतीवर गवती बाहुल्या ठोकलेल्या आढळतात. मराठवाड्यातील वाचकाला त्या पाहून भानामतीची आठवण होईल. परंतु त्या बाहुल्यांत करणी नाही; तपास करणाऱ्यासाठी खुन्याने केलेली ती मांडणी आहे. मिसोरा भयभीत होत नाही. ती कारण शोधते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे, कारण तो विश्वास चौकस बुद्धी मारून टाकतो. या कसोटीवर मिसोराचे पात्र उतरते.

दोष मात्र मुळाशी आहे. खुनी बळी निवडतो ते ज्यांचे आयुष्य त्या दिवशी संपणारच आहे असे. मग त्याने केले ते काय? ‘ते मरणारच होते’ ही पळवाट येथे उघडी राहते आणि लेखक ती बंद करीत नाही. वस्तुतः तारीख खरी ठरते ती खुन्याच्या हातामुळेच. हात बाजूला ठेवला, तर तारखेपाशी केवळ अंक उरतो.

सर्व काही नियत आहे, मनुष्याच्या प्रयत्नाला अर्थ नाही, हे मक्खलि गोसालाचे मत होते. अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात सर्व काही पूर्वकृतामुळे घडते असे मानणाऱ्यांना तथागत विचारतात की, मग माणसे हिंसा करतात तीही पूर्वकृतामुळेच काय? तसे असेल तर हे करावे आणि हे करू नये, याला आधारच उरत नाही.

हा वाद केवळ पोथीतला नव्हे. आमच्या बीड जिल्ह्यात बाळाच्या कपाळी सटवाई लेख लिहिते, असे घरोघरी मानले गेले. जपानी मृत्युदेवाचे डोळे तो लेख वाचतात, एवढाच फरक. दरवर्षी येथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वाटेत ट्रॉली उलटून किंवा फडात साप चावून कोणी मेला, की ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ असे म्हटले जाते. शोकाकुल आईने तसे म्हणावे, हे आम्ही समजू शकतो. परंतु मुकादमाने किंवा कारखान्याने तसे म्हटले, की ट्रॉलीत किती माणसे कोंबली होती आणि दवाखाना किती कोस दूर होता, हे प्रश्न तेथेच मिटतात. दारिद्र्य आणि जात ज्यांच्या पाचवीला पुजली आहे असे सांगितले गेले, त्यांना हे तत्त्वज्ञान कोणाच्या सोयीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

कादंबरीच्या शेवटी मात्र एक घटना तिच्याच गृहीतकाला छेद देते. इतरांचे आयुष्य वाचणाऱ्याला स्वतःचे वाचता येत नाही. तो पेट घेतो. मिसोरा वेळेवर पोहोचते आणि तो वाचतो. त्याचा लेख तेव्हा संपला नव्हता, असे नियतिवादी म्हणेल. एक स्त्री विचार करून धावली म्हणून तो जगला, असे आम्ही म्हणतो. वाचकाने ही कादंबरी अवश्य वाचावी. परंतु खुन्याच्या डोळ्यांनी नव्हे, मिसोराच्या डोळ्यांनी वाचावी.