अनुकरण की आकलन? : ‘मला उमजलेले बालगंधर्व’ – एक समीक्षा

प्रस्तावना

पूर्वसूरींची गाणी नव्याने गाऊन त्यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढण्याची प्रथा पाश्चात्त्य संगीतात रूढ आहे. अमेरिकन रॉक व कंट्री परंपरेतील गायक स्टीव्ह अर्ल यांनी आपले गुरुतुल्य मित्र टाउन्स व्हॅन झँट यांच्या गीतांची ‘टाउन्स’ ही ध्वनिमुद्रिका २००९ साली प्रसिद्ध केली. मराठीत या प्रकारचे सर्वाधिक विचारप्रवर्तक उदाहरण त्याच्या कितीतरी आधीचे आहे. पं. कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा प्रयोग मैफलीच्या आणि ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने रसिकांपुढे आला. दुसऱ्याचे गाणे गाणे म्हणजे अनुकरण की आकलन, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात त्याचे मूल्यमापन केले आहे.

मूळ गायकीचे स्वरूप

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांचे गाणे भूमिकेतून उमलले. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या स्त्रीव्यक्तिरेखांच्या मुखातून ती पदे प्रकटली. मध्य लय, शब्दांचा स्वच्छ उच्चार, तालाशी लडिवाळ खेळ आणि स्वराला दिलेला आर्जवी झोक ही त्या गायकीची ठळक वैशिष्ट्ये होत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या आग्रहाने पद दीर्घकाळ रंगत असे, तबकडीवर मात्र तेच पद सुमारे तीन मिनिटांत आटोपावे लागे. त्यामुळे पुढील पिढ्यांनी प्रमाण मानलेले बालगंधर्वांचे गाणे हे बहुतांशी तबकडीने संक्षिप्त केलेले गाणे आहे, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा मूळ चालींचा आहे. ‘स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्या ख्याल-ठुमरीच्या परंपरेतील चिजांच्या आधारे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, तेही एका अर्थी पूर्वीच्या गाण्याचे पुनर्गायनच होते.

‘उमजणे’ या शब्दाचा अर्थ

शीर्षकातील ‘मला’ आणि ‘उमजलेले’ हे दोन शब्द समीक्षेच्या दृष्टीने कळीचे आहेत. त्यांत विनय आहे, तसाच अधिकारही आहे. हे समग्र बालगंधर्व नव्हेत, असे गायक सांगतो. पण जे उमजले ते माझ्या गळ्यातूनच येईल, असेही बजावतो. येथे कुमारांच्या पूर्वायुष्याचा संदर्भ उद्बोधक ठरतो. थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब गाणारा बालगायक म्हणून त्यांची प्रथम ख्याती झाली. नक्कल ज्याला बालपणीच साधली होती, त्याने प्रौढपणी नक्कल नाकारली. हा नकार असमर्थतेतून आलेला नाही. तो विचारपूर्वक स्वीकारलेला आहे.

क्षयरोगाच्या दीर्घ आजारानंतर कुमारांच्या गायनात छोटे, टोकदार स्वरसमूह आणि अर्थपूर्ण विराम यांना विशेष महत्त्व आले. ‘नाथ हा माझा’ या यमनातील पदात याचा प्रत्यय येतो. बालगंधर्वांच्या गाण्यात रुक्मिणीचे लाडिक आत्मनिवेदन ओघवते होते. कुमारांच्या गाण्यात तोच भाव थबकत, स्वतःशी पडताळत पुढे सरकतो. शब्द तेच, राग तोच. बदलते ती त्या शब्दांकडे पाहण्याची दृष्टी.

आक्षेप आणि मर्यादा

ज्यांच्या कानांत मूळ गाणे रुजले आहे, त्यांना हे गायन परके वाटणे स्वाभाविक आहे. त्यांचा आक्षेप केवळ स्मरणरंजन म्हणून उडवून लावता येत नाही. नाट्यपद नाटकापासून अलग झाले की त्यातील पात्र विरळ होते. लज्जा, रुसवा, विनवणी हे भाव प्रसंगाच्या आधाराने जसे खुलतात, तसे मैफलीत खुलत नाहीत. कुमारांच्या गायनात रुक्मिणी मागे सरते आणि राग पुढे येतो. ही या ध्वनिमुद्रिकेची खरी मर्यादा होय. मात्र ती लपवण्याचा प्रयत्न कुमारांनी केलेला नाही. स्त्रीसुलभ लाडिकपणाची उसनवारी त्यांनी कटाक्षाने टाळली, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मानावा लागेल.

निष्कर्ष

स्टीव्ह अर्ल यांना टाउन्स व्हॅन झँट यांचा प्रत्यक्ष सहवास लाभला होता. कुमार हे बालगंधर्वांचे शिष्य नव्हते. त्यांची तालीम प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे झाली. त्यामुळे त्यांचे नाते व्यक्तीपेक्षा गाण्याशी अधिक आहे, आणि म्हणूनच ते चिकित्सक होऊ शकले. वसई-विरारसारख्या परिसरातील महाविद्यालयांत नाट्यपदाची स्पर्धा घेताना परीक्षक बहुधा तबकडीशी असलेले साम्य मोजतात. विद्यार्थ्याला पद किती पाठ आहे हे त्यातून कळते. किती उमजले हे कळत नाही. परंपरा जतन करणे म्हणजे तिची प्रत काढणे नव्हे, तिला आपल्या आवाजात उत्तर देणे होय. काही गमावून का होईना, हे उत्तर कुमारांनी दिले. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेचे मोल त्यातच आहे.