धावता ससा : मुलानच्या कथेतील वेषांतराचा अर्थ

वृद्ध पित्याच्या जागी पुरुषवेषाने सैन्यात जाणाऱ्या मुलानची कथा ही स्त्रीच्या शौर्याची कथा मानली जाते. परंतु उत्तरेकडील राजवटींच्या काळातील आणि सोंग काळात गुओ माओचियान याच्या संग्रहात समाविष्ट झालेल्या चिनी गीताची संहिता या समजाला फारसा दुजोरा देत नाही. सुमारे साठ ओळींच्या या गीतात प्रत्यक्ष युद्धाला जेमतेम सहा ओळी मिळतात. चार दिशांच्या बाजारांतून घोडा, खोगीर, लगाम आणि चाबूक विकत घेणे, आईवडिलांची हाक नदीच्या घोषात हरवणे, आणि परतल्यावर आरशासमोर बसून केस विंचरणे, हे तपशील मात्र सावकाश येतात. गीताचा भर पराक्रमावर नसून जाण्यायेण्यावर आहे.

या रचनेचे मर्म शेवटच्या सशांच्या प्रतिमेत आहे. पारंपरिक स्पष्टीकरणानुसार कान धरून उचललेल्या सशांमध्ये नर पाय झाडतो, मादी डोळे किलकिले करते. म्हणून ते ओळखता येतात. जोडीने धावताना मात्र नर कोण, मादी कोण, हे सांगता येत नाही. म्हणजे लिंगभेद नाकारलेला नाही. तो कोणत्या स्थितीत दिसतो, एवढाच प्रश्न आहे. जो पकडतो त्याला भेद दिसतो. बारा वर्षे सोबत राहूनही सोबत्यांना जो भेद जाणवला नाही, तो सैन्याच्या कामकाजाला आवश्यक नव्हता, हे गीत एकही युक्तिवाद न करता सिद्ध करते.

नंतरच्या पुनर्कथनांना हे अनिर्णित राहणे सोसलेले दिसत नाही. सोळाव्या शतकातील श्यू वेइच्या नाटकात मुलानला बांधलेली पावले सोडवावी लागतात, लग्नाची चिंता वाहावी लागते, आणि शेवट विवाहात होतो. मूळ गीतात पावले बांधण्याचा उल्लेखच नाही. सतराव्या शतकातील छू रेनहुओच्या कादंबरीत राजाची उपपत्नी होण्याऐवजी ती आत्महत्या करते. 1998 च्या डिस्ने चित्रपटात जखमेवर उपचार होताना तिचे स्त्रीत्व उघड होते आणि तिला बर्फात सोडून दिले जाते. गीतात ती स्वतः जुने कपडे घालून सोबत्यांसमोर येते; चित्रपटात इतर तिला उघडे पाडतात. विवाह, मृत्यू, शिक्षा : तिन्ही मार्गांनी ससा कान धरून उचलला जातो.

येथे स्त्रीवादी समीक्षेचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. मुलान अखेर घरी व आरशाकडेच परतते. तिचे वेषांतर पित्याच्या आणि सम्राटाच्या सेवेसाठीच असते. हे खरे आहे. पितृसत्ताक व्यवस्थेला ती आव्हान देत नाही. शिवाय बारा वर्षांच्या मौनाची किंमतही गीत मोजत नाही.

ती किंमत मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या 1976 मधील ‘द वुमन वॉरियर’ने मोजली. अमेरिकेत वाढलेल्या निवेदिकेला ही कथा आईकडून मिळते. तिच्या कल्पनेतील योद्धा स्त्री चिलखताखाली गर्भ वाढवते, आणि तिच्या पाठीवर आईवडिलांनी सूडाचे शब्द कोरलेले असतात. कोरलेल्या अक्षरांचा हा प्रसंग मुळात सोंगकालीन सेनापती युए फेइच्या आख्यायिकेतला. तो मुलानला दिल्याबद्दल फ्रँक चिन यांनी किंग्स्टन यांच्यावर परंपरेचे विकृतीकरण केल्याचा आरोप ठेवला. परंतु श्यू वेइ आणि छू रेनहुओ यांनी केलेले बदल पाहता, या कथेची परंपरा बदलांचीच आहे. प्रश्न बदल झाला का हा नसून बदलाने काय साधले, हा आहे. पुरुष सेनापतीच्या पाठीवरील निष्ठेची अक्षरे स्त्रीच्या पाठीवर येतात, तेव्हा तिचे शरीर लपवण्याची वस्तू न राहता वाचण्याची संहिता होते. किंग्स्टन यांची योद्धाही शेवटी सासरी परतून गुडघे टेकते. पण निवेदिकेला तलवारीऐवजी शब्द मिळतात.

गीतातील मुलान बोलत नाही, म्हणून पकडली जात नाही. किंग्स्टन यांची निवेदिका बोलण्याचा धोका पत्करते. या दोन टोकांमधील अंतर हाच मुलान-कथेचा खरा विषय आहे; शौर्य हे केवळ त्याचे निमित्त.