‘एकच प्याला’ आणि ‘दोजखी’ : भावंडांच्या प्रेमाची मर्यादा

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी, २३ जानेवारी रोजी, गडकऱ्यांचे निधन झाले होते. बालगंधर्वांच्या सिंधूमुळे हे नाटक प्रामुख्याने पतिपत्नीची शोकांतिका म्हणून ओळखले गेले. परंतु त्यात भावंडांच्याही दोन जोड्या आहेत. त्या अंगाने त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

पद्माकर आणि शरद

पद्माकर हा सिंधूचा श्रीमंत भाऊ. बहिणीला दारिद्र्यातून सोडवावे ही त्याची तळमळ खरी आहे. परंतु सिंधू माहेरची मदत नाकारते, दळण दळते आणि मरतानाही नवऱ्याचा गुन्हा झाकते. सुधाकर दारूने संपतो, तर सिंधू पातिव्रत्यापायी. पद्माकराजवळ पैसा आहे, माया आहे, तरी बहिणीच्या निश्चयापुढे त्याचे काही चालत नाही. शरद ही सुधाकराची बालविधवा बहीण. डोळ्यांदेखत भाऊ बुडत असताना तिला काय वाटले असेल? नाटक तेथे फारसे थांबत नाही; तिचे कथानक रामलाल आणि भगीरथ यांच्याकडे वळते. गडकऱ्यांनी पत्नीच्या दुःखाला वाणी दिली, बहिणीच्या दुःखाला मात्र ती पुरेशी लाभली नाही.

उर्दूतील ‘दोजखी’

ही उणीव उर्दूत इस्मत चुगताई यांनी भरून काढलेली दिसते. त्यांचे बंधू, विनोदी लेखक अजीम बेग चुगताई, दीर्घ आजारानंतर १९४१ साली वारले. त्यांच्यावरील ‘दोजखी’ हे व्यक्तिचित्र ‘साकी’ मासिकात प्रसिद्ध झाले. दोजखी म्हणजे नरकवासी. हा भाऊ व्यसनी नव्हता. तथापि प्रकृतीची पर्वा न करता लिहिणारा, घरच्यांना मुद्दाम डिवचून त्यांची माया दूर लोटणारा असा तो होता. इस्मत त्याचे दोष झाकत नाहीत, कुटुंबाला आलेला त्याचा वीटही लपवत नाहीत. तरीही प्रत्येक ओळीत जिव्हाळा आहे.

या लेखासंबंधी सआदत हसन मंटो यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. त्यांच्या बहिणीला, इकबाल यांना, हे लेखन निर्दय वाटले. मेलेल्या भावालाही इस्मतने सोडले नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर मंटो म्हणाले, माझ्यावर तू असे लिहिणार असशील तर मी आजच मरायला तयार आहे. पुढे १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोर येथे मंटो अतिमद्यपानाने वारले. त्यांच्यावर उपचार झाले होते, घरच्यांनी जिवापाड जपले होते. पण दारू सुटली नाही. हे लक्षात घेता त्या थट्टेला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. स्वतःला संपवत चाललेल्या माणसाने बहिणीकडे जीवदान मागितले नव्हते. आपल्याला आहे तसे पाहावे, एवढेच मागितले होते.

समारोप

पद्माकराचे प्रेम सोडवू पाहते आणि हरते. इस्मतचे प्रेम सोडवण्याचा दावाच करत नाही, म्हणून ते मृत्यूनंतरही टिकते. बेळगाव-निपाणी परिसरात मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. येळ्ळूरसारख्या गावात साहित्य संमेलने भरतात. तेथील वाचकाने या दोन कृती एकत्र वाचाव्यात. व्यसनी भावाची बहीण आपण कमी पडलो म्हणून आयुष्यभर झुरते. वाचवता आले नाही म्हणजे प्रेम उणे होते असे नव्हे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. ‘दोजखी’ ते सांगते.